४८ पट्ट्यांची एक केते

केते ही माओरी, म्हणजे न्यूझीलंडच्या मूळ लोकांच्या, विणीची पिशवी. बुडाला वेणी, वर तिरकी वीण, काठाला पुन्हा वेणी आणि दोन बंद. दिसायला साधी. पण विणायला बसतो तेव्हा निम्मं काम आधीच झालेलं असतं, आणि ते झाडापाशी झालेलं असतं. वर्गात नव्याने येणारा प्रत्येक जण वीण शिकायला आलेला असतो. त्याचा पहिला दिवस मात्र पानं निवडण्यात, पुसण्यात आणि फाडण्यात जातो. इथे तोच क्रम ठेवला आहे, कारण केते बिघडते ती बहुतेक वेळा पहिल्याच दिवसाच्या कामात.

उच्चारांबद्दल थोडं. माओरी शब्दात जिथे डब्ल्यूएच लिहितात तिथे बहुतेक भागांत 'फ'च्या जवळचा आवाज येतो. म्हणून इथे फेनु, फातु, फिरी असं लिहिलं आहे.

झाडाचं नाव हाराकेके. शास्त्रीय नाव फॉर्मियम टेनॅक्स. युरोपीय लोकांनी त्याला 'न्यूझीलंड फ्लॅक्स' म्हटलं, आणि त्यावरून मराठीत कुणी कुणी 'जवस' लिहून मोकळं होतं. जवसाशी त्याचं काहीही नातं नाही. जवसाचा धागा खोडाच्या सालीतून निघतो, हाराकेकेचा पानातून. आपल्याकडचं जवळचं उदाहरण द्यायचं तर घायपाताचं: पानाचा गर खरवडायचा आणि आतला वाख काढायचा. फक्त हाराकेकेच्या पानाला काटे नसतात, ते तलवारीसारखं लांब आणि चपटं असतं आणि चांगल्या झाडाचं पान तीन मीटरपर्यंत जातं. त्याची धाकटी बहीण फारारिकी, डोंगरात आणि किनाऱ्यावरच्या कड्यांवर वाढणारी. तिची पानं मऊ आणि झुकलेली असतात, पण आतला धागा कमकुवत. बागेत दोन्ही लावलेल्या असतात आणि नवख्याला फरक कळत नाही. शेंगा पाहाव्यात. हाराकेकेच्या शेंगा ताठ वर उभ्या असतात, फारारिकीच्या पिळलेल्या आणि खाली लोंबणाऱ्या. पिशवीचं अंग फारारिकीचं चालेल. जिथे धागा काढायचा आहे तिथे ती चालत नाही.

माओरींचे पूर्वज उष्ण पॅसिफिक बेटांवरून आले तेव्हा त्यांच्या हातात केवड्याच्या जातीच्या पानांची वीण होती आणि झाडाची साल कुटून केलेलं कापड होतं. सालीच्या कापडाचं झाड या थंड हवेत नीट तगलं नाही. केवड्याच्या पानांवर बसलेला हात मात्र हाराकेकेवर चालला. चटया, टोपल्या, दोर, जाळी, पायातली पायताणं, अंगावरचे झगे, सगळं या एका पानातून आलं.

आता झाडापाशी. हाराकेकेची पानं पंख्यासारखी एकमेकांत बसलेली असतात. पंख्याच्या मधोमध कोवळं, अजून न उघडलेलं पान असतं. ते रितो, म्हणजे मूल. त्याच्या दोन्ही बाजूंना एकेक पान त्याला कवेत घेतल्यासारखं उभं असतं. ते आफी रितो, आईबाप. त्यांच्या बाहेरची सगळी आजी-आजोबा, तुपुना. कापायची ती फक्त तुपुना. मूल आणि आईबाप या तिघांना हात लावायचा नाही. रितो तोडला की तो पंखा संपला, त्यातून नवं पान येत नाही. माओरीत म्हण आहे की हाराकेकेचा रितो उपटलास तर कोमाको पक्षी गाणार कुठे बसून. झाडापुरती घेतली तरी ती शंभर टक्के खरी आहे.

एका पंख्यातून दोन ते चार पानं घ्यावीत, दोन्ही बाजूंनी सारखी. सुरी धारदार हवी. पान शक्य तितकं खाली, बुंध्याजवळ कापायचं आणि काप तिरका द्यायचा: मधून बाहेर, वरून खाली, म्हणजे पावसाचं पाणी पंख्याच्या पोटात न साचता बाहेर वाहून जातं. आडवा काप दिला तर खुंटावर पाणी राहतं आणि कुजणं आत, रितोपर्यंत जातं. वाळलेली पानंही त्याच वेळी काढून टाकायची. झाड मोकळं राहतं, हवा खेळते आणि किडीला लपायला जागा उरत नाही.

कापण्याचे नियम आहेत, त्यांना तिकांगा म्हणतात. आधी कराकिया, म्हणजे प्रार्थना. पावसात कापायचं नाही, रात्री कापायचं नाही. झाडाला कोरारी, म्हणजे फुलाचा दांडा आला असेल तर ते झाड सोडायचं. कापलेली पानं ओलांडायची नाहीत, कामाच्या जागी खाणंपिणं आणायचं नाही. काही घराण्यांत पाळीच्या दिवसांत बायका कापत नाहीत. प्रत्येक इवीचे, म्हणजे जमातीचे, बारकावे वेगळे. ज्यांच्या झाडाची पानं घेतो आणि ज्यांच्याकडून शिकतो त्यांचा नियम पाळायचा, इतकं साधं आहे. यातल्या बऱ्याच गोष्टींचा उपयोग हातालाही लगेच जाणवतो. पावसात कापलेलं पान पाण्याने फुगलेलं असतं, ते विणलं की वाळताना जास्त आकसतं. ओल्या दिवशी दिलेला काप लवकर सुकत नाही. दांडा आलेल्या झाडाची ताकद फुलाकडे गेलेली असते.

पान निवडताना ते उजेडासमोर धरावं. एका पतंगाची अळी पानाची एक बाजू खरवडून खिडकीसारखे पातळ डाग पाडते, दुसऱ्या पतंगाची अळी कडेला खाचा पाडते. खाच चालते, कडा तशीही काढून टाकायची असते. खिडकी चालत नाही. तिथे पट्टी दुमडली की तुटते, आणि तुटते ती नेमकी वीण अर्धी झाल्यावर. वाऱ्याने फाटलेलं, पिवळं पडलेलं, टोकाला करपलेलं पानही नको. शिवाय एका केतेची सगळी पानं एकाच झाडाची असावीत. दोन झाडांची पानं दिसायला सारखी असली तरी कडकपणा वेगळा असतो. कडक पट्टी मऊ पट्टीला रेटते आणि पिशवी एका अंगाला कलते.

झाडाझाडांतला हा फरक मोठा आहे. माओरी विणकरांनी पिढ्यान्‌पिढ्या निवडून जाती राखल्या: एक चटईसाठी, एक टोपलीसाठी, एक धाग्यासाठी. कोहुंगा ही जात मऊ, रेशमी धाग्यासाठी नावाजलेली. गिझ्बर्नच्या रेने ऑर्किस्टन यांनी १९५०च्या दशकापासून अशा जाती जुन्या वस्त्यांतून गोळा करून आपल्या बागेत वाढवल्या आणि १९८७ मध्ये तो संग्रह सरकारी संशोधन केंद्राकडे सोपवला. आज तो क्राइस्टचर्चजवळ लिंकनला आहे, आणि त्यातली रोपं देशभरच्या मळ्यांत गेली आहेत. अशा मळ्याला पा हाराकेके म्हणतात. रस्त्याकडेला शोभेसाठी लावलेल्या तांबड्या-पट्टेदार झाडांवर शिकू नये. पानं आखूड, धागा कमी आणि पट्टी फाडताना वाकडी जाते.

आता हिशोब. नवखे हा टप्पा टाळतात आणि मग पिशवी हातभर न होता तळहाताएवढी होते. पट्ट्या ४५ अंशांत तिरक्या जातात, त्यामुळे १ सेंटिमीटर रुंदीची पट्टी काठावर साधारण १.४ सेंटिमीटर जागा घेते. ४८ पट्ट्या घेतल्या तर वेणीच्या प्रत्येक बाजूला २४ येतात. त्यातल्या १२ उजवीकडे झुकतात, १२ डावीकडे. म्हणजे एका बाजूची रुंदी १२ गुणिले १.४, जवळपास १७ सेंटिमीटर, आणि पूर्ण घेर ३४. ही लहान केते झाली, शिकायला योग्य. ३० सेंटिमीटर रुंदीची बाजाराची पिशवी हवी असेल तर त्याच मापाच्या ८४ पट्ट्या लागतील. पहिल्यांदाच ८४ पट्ट्यांच्या वाटेला जाऊ नये.

लांबीचंही तसंच. २० सेंटिमीटर उंचीसाठी पट्टी तिरकी २८ सेंटिमीटर जाते. त्यात बुडाच्या वेणीसाठी १२ आणि वरच्या काठासाठी २५ मिळवली की ६५ होतात. ७० सेंटिमीटर कापावी. मधल्या आकाराच्या पानातून कडा आणि कणा काढल्यावर सहाएक पट्ट्या निघतात. १० पानं घेतली की ६० पट्ट्या. १२ जास्तीच्या लागतातच.

पानं ओल्या फडक्याने दोन्ही अंगांनी पुसायची. बुंध्याकडचा जाड, चिकट भाग कापून टाकायचा. तिथे डिंकासारखा रस असतो, तो कपड्याला लागला तर डाग जात नाही. मग पान कण्यावर उभं चिरून दोन पाती वेगळी करायची. कणा आणि कडेची रंगीत रेघ नखाने काढून टाकायची. दोन्ही कडक असतात, वाकत नाहीत आणि वाळल्यावर बोटाला कापतात. उरलेल्या पातीवर नखाने खूण करून पट्ट्या फाडायच्या. पानाच्या शिरा समांतर असल्याने चीर सरळ धावते, पण दोन्ही हातांची ओढ सारखी हवी. एक हात जास्त ओढला की चीर सरकते आणि पट्टी टोकाकडे निमुळती होते. पुठ्ठ्यावर १ सेंटिमीटरच्या दोन रेघा मारून प्रत्येक पट्टी त्यावर तीन ठिकाणी ताडून पाहावी. एक मिलिमीटरचा फरक एका पट्टीत दिसत नाही. बारा पट्ट्या शेजारी आल्या की सेंटिमीटरभर होतो आणि वीण तिरपी चढत जाते.

तयार पट्टीला फेनु म्हणतात. ती तशीच विणली तर वाळताना आपोआप गुंडाळून नळी होते. म्हणून हापिने: पट्टीची मंद, म्हणजे न चमकणारी, बाजू सुरीच्या बोथट पाठीवर घ्यायची, वरून अंगठा दाबायचा आणि पट्टी ओढून काढायची. चार-पाच वेळा, दोन्ही टोकांकडून. सुरीखालून पाणी सुटताना दिसतं, पट्टी ढिली होते आणि टेबलावर सपाट पडून राहते. सपाट राहिली म्हणजे झालं, कडा उचलत असेल तर अजून दोनदा ओढायची. चकचकीत बाजूवर सुरी चालवली तर वरचा मेणासारखा थर ओरबाडतो आणि तिथे वाळल्यावर पांढुरके ओरखडे राहतात. अंगठ्याला चिकटपट्टी गुंडाळावी, साठ पट्ट्यांनंतर कातडी सोलवटते.

यानंतर काही जण पट्ट्या उकळत्या पाण्यात बुडवतात. जुडी सैल बांधायची, मोठ्या पातेल्यात पाणी खळखळत असतानाच घालायची आणि अर्ध्या ते एका मिनिटात काढून सावलीत टांगायची. हिरवेपणा उतरून पुढे एकसारखा फिका पिवळा रंग येतो आणि आकसणंही पट्टी विणण्याआधीच उरकून घेते. पाणी खळखळत नसेल तर पट्टी शिजत राहते, डागाळते. जास्त वेळ ठेवली तर लिबलिबीत होते आणि वाळल्यावर कडकडते. उकळलेल्या पट्ट्या विणण्याआधी पाण्याचा हबका मारून ओल्या टॉवेलात अर्धा तास ठेवाव्यात. बादलीत भिजत घालायच्या नाहीत. न उकळता हिरव्या विणायच्या तर कापल्यापासून एक-दोन दिवसांत विणाव्यात. प्लॅस्टिकच्या पिशवीत ठेवलेल्या पट्ट्यांना बुरशी येते. थांबावंच लागलं तर ओल्या टॉवेलात गुंडाळून फ्रीजरमध्ये ठेवलेल्या पट्ट्या बऱ्याच दिवसांनी काढल्या तरी चालतात.

आता प्रत्येक पट्टीच्या बुंध्याकडच्या टोकाला १२ सेंटिमीटर मुका काढायचा. मुका म्हणजे पानातला नुसता धागा, वाख. बुडाची १७ सेंटिमीटरची वेणी ४८ पट्ट्या सामावून घेणार, म्हणजे दर साडेतीन मिलिमीटरला एक पट्टी. पूर्ण रुंदीच्या पट्ट्या एवढ्याशा जागेत मावत नाहीत. धाग्याच्या शेपट्या मावतात.

हे खरवडणं म्हणजे हारो. पट्टीच्या मंद बाजूवर १२ सेंटिमीटरला आडवा, अगदी उथळ काप द्यायचा. गर कापला पाहिजे, धागा कापता कामा नये. सुरी आणि बोट यांच्यात हा अंदाज यायला काही पट्ट्या वाया जातात. खोल गेलं तर शेपटी तिथेच तुटते, उथळ राहिलं तर गर सुटत नाही. मग कुकुच्या शिंपल्याची कड कापात टेकवायची आणि अंगठ्याने दाब ठेवून टोकाकडे एका दमात ओढायची. कुकु म्हणजे हिरव्या कडेचा शिंपला, गोव्याकडच्या शिणाण्यांचा भाऊबंद. नीट ओढलं तर हिरवा गर सरकन निघतो आणि हातात फिकट, ओलसर, चमकणारा झुपका राहतो. दोन-तीन दमांत ओढलं तर मध्ये मध्ये हिरवे ठिपके चिकटून राहतात आणि तेच पुढे तपकिरी पडतात. बोथट सुरीनेही होतं, पण शिंपल्याची कड धागा कापत नाही. वापरून वापरून ती आणखी सुबक होते.

या मुकाचीच पुढची वाट झग्यांकडे जाते. पूर्ण पट्टी दोन्ही बाजूंनी खरवडून धागा काढायचा, दोन झुपके उघड्या नडगीवर ठेवून तळव्याने पुढे लोटत पीळ द्यायचा आणि मागे आणताना दोन्हींचा एक दोरा करायचा. हे मिरो. मग पाण्यात भिजवून 'पाटू मुका' नावाच्या दगडी बत्त्याने कुटायचा, धुवायचा, पुन्हा कुटायचा. कडक दोरा हळूहळू लोकरीसारखा मऊ होतो. त्या उभ्या दोऱ्यांभोवती आडवे दोरे जोडीजोडीने बोटांनी गुंफत जायचं, ते फातु. माग नाही, धोटा नाही. दोन खुंट्या आणि दहा बोटं. कोरोवाईसारखा मोठा झगा व्हायला महिने लागतात, कधी वर्षंही. तेकुइतीजवळच्या रांगीमारिए हेतेत (१८९२–१९९५) यांनी आयुष्यभर हे केलं. १९५१ मध्ये माओरी महिला कल्याण संघ स्थापन झाल्यावर त्यांनी जमातीबाहेरच्या बायकांनाही शिकवलं. त्यांची कन्या डिगरेस ते कानावा (१९२०–२००९) यांनी ते पुढे नेलं. रोटोरुआच्या माओरी कला आणि हस्तकला संस्थेत, जी १९६३ च्या कायद्याने उभी राहिली, एमिली शुस्टर यांनी विणकामाच्या पिढ्या घडवल्या. आज वर्गात जे शिकवलं जातं ते यांच्यासारख्या बायकांनी हातातून हातात दिलेलं आहे.

मुका हातात आला की तो काळा रंगवून पाहावासा वाटतो. काळ्याची रीत अशी: हिनाऊच्या किंवा मानुकाच्या सालीचा काढा करायचा, मुका त्यात रात्रभर ठेवायचा, वाळवायचा आणि मग पारू चोळायचा. पारू म्हणजे लोहाचं प्रमाण भरपूर असलेला दलदलीचा काळा चिखल. काही तासांनी वाहत्या पाण्यात धुऊन वाळवायचं. काळा गडद आला नसेल तर काढ्यापासून पुन्हा. सालीतलं टॅनिन आणि चिखलातलं लोह एकत्र येऊन काळं होतं. हिरडा आणि लोखंड यांची आपली जुनी शाई याच मेळाने काळी होते. काढा लोखंडी भांड्यात करू नये. टॅनिन भांड्याशीच जुळतं, काढा आधीच काळपट होतो आणि धाग्यावर मळका करडा रंग बसतो. स्टील किंवा एनॅमलचं भांडं घ्यावं. पारूच्या जागा घराण्यांनी जपलेल्या असतात आणि साल काढली तर झाड मरू शकतं. दोन्ही गोष्टी विचारल्याशिवाय घ्यायच्या नाहीत.

पिउपिउ हा कमरेचा घागरा याच गुणावर उभा आहे. पट्टीवर मापाने आडवे उथळ काप देऊन मधले मधले तुकडे तेवढे खरवडायचे. तिथे मुका उघडा पडतो, बाकी हिरवी साल तशीच राहते. वाळताना सालीचा भाग गुंडाळून पिवळी कडक नळी होतो. मग काढा आणि पारू. काळा रंग फक्त उघड्या धाग्याला लागतो, नळीला लागत नाही. काळे-पिवळे पट्टे तयार होतात आणि नाचताना नळ्या एकमेकींवर आपटून खळखळ वाजतात. सगळ्या पट्ट्यांवरचे काप एकाच फळीवर ठेवून द्यावे लागतात. पाच मिलिमीटर इकडेतिकडे झालं की घागऱ्यावरची नक्षी दात पडल्यासारखी दिसते.

पण ज्या लोहाने काळा रंग येतो तेच लोह धागा खातं. संग्रहालयांतल्या जुन्या झग्यांचे काळे दोरे भुगा होऊन गळतात आणि शेजारचे न रंगवलेले दोरे शाबूत राहतात. म्हणून केतेचे बंद पारूने काळे करायचा मोह टाळावा, सगळं ओझं त्यांच्यावरच असतं.

पुन्हा आपल्या ४८ पट्ट्यांकडे. वेणीला फिरी म्हणतात. तीन शेपट्यांनी तिपेडी वेणी सुरू करायची. प्रत्येक पेड मध्ये येताना त्याच्यावर एक नवी शेपटी ठेवायची. तिची पट्टी एकदा डावीकडे, एकदा उजवीकडे सोडायची आणि चकचकीत बाजू सगळ्यांची एकाच दिशेला राखायची. पेड जाड व्हायला लागला की जुने धागे मागे सोडून द्यायचे. दर दहा पट्ट्यांनी वेणी पट्टीवर मोजावी: दहा पट्ट्यांना साडेतीन सेंटिमीटर. चार-साडेचार भरत असेल तर उसवावी. सैल वेणीवर विणलेल्या पिशवीच्या बुडाला जी भोकं पडतात ती वर कितीही घट्ट विणलं तरी मिटत नाहीत. शेवटी उरलेल्या शेपट्या दोन-तीन सेंटिमीटर तशाच वळून गाठ मारायची.

वेणी जमिनीवर आडवी ठेवून एका बाजूच्या २४ पट्ट्या समोर पसरायच्या. मधून सुरुवात. एक सोडून एक पट्टी उजवीकडे, उरलेल्या डावीकडे आणि एक वर, एक खाली. ही ताकिताही वीण. बोटं बसल्यावर दोन वर, दोन खाली अशी ताकिरुआ करता येते. पायऱ्यांची पोउतामा, माशावरून नाव पडलेली चौकटीची पातिकी, दातांची निहोनिहो, या सगळ्या नक्षी वर-खालीची मोजणी बदलून येतात. ओळ पूर्ण झाली की प्रत्येक पट्टी तिच्याच दिशेने ओढून आधीच्या ओळीला भिडवायची, आणि सुटेल तिथे कपड्यांचा चिमटा लावायचा. पाच-सहा ओळी झाल्या की दुसरी बाजू.

कोपरा ही अवघड जागा. वेणीच्या टोकाशी एका बाजूच्या उजवीकडे झुकणाऱ्या पट्ट्या दुसऱ्या बाजूच्या डावीकडे झुकणाऱ्यांना भेटतात. वेणी दुमडून पिशवी उभी करायची, वेणी आतल्या अंगाला ठेवायची आणि कोपऱ्यावरच्या दोन पट्ट्या आधी एकमेकींवरून घ्यायच्या. इथे वर-खालीचा क्रम बहुतेकांचा चुकतो, कारण दोन्ही बाजू वेगवेगळ्या मोजणीने सुरू केलेल्या असतात. दोन पट्ट्या सलग एकाच पट्टीवरून जाताना दिसल्या की थांबावं. ती चूक तशीच तिरकी वर काठापर्यंत चढते. कोपरा झाल्यावर आत उजेड दिसतो का पाहावं. दिसला तर दोन्ही बाजूंच्या चार-चार पट्ट्या आलटून पालटून ओढाव्यात. एकच पट्टी जोरात ओढली तर तीच तुटते.

पुढे गोल गोल विणत वर. मध्ये उठावं लागलं तर वरच्या ओळीला दोर बांधून पट्ट्यांवर ओला टॉवेल टाकावा. वाळलेली पट्टी दुमडली की चरचरते. तो आवाज आला की आधी पाणी. पट्टी तुटलीच तर जादा पट्ट्यांतली एक तिच्यावर चार-पाच घरं मागपासून सरकवून पुढे न्यायची, टोक आत लपतं.

२० सेंटिमीटरला पोचल्यावर काठ. सगळी टोकं एका पातळीत कापू नयेत, आधी पाणी मारून शिंपल्याने थोडी खरवडून पातळ करावीत. तसं केलं नाही तर काठाची वेणी मनगटाएवढी जाड होते. मग बुडासारखीच तिपेडी वेणी, फक्त आता घेराने: प्रत्येक वेळी पुढची पट्टी आत दुमडून पेडात घ्यायची, चार-पाच वळणांनी तिचं टोक आत सोडायचं. पूर्ण फेरी झाली की शेवट सुरुवातीखाली ओवून घ्यायचा. बंद चार पेडांचे करावेत, लांब पट्ट्यांचे किंवा मुकाचे, आणि त्यांची टोकं काठाखाली निदान चार घरं विणीतून ओवून मग गाठवावीत. नुसती काठाच्या वेणीला गाठवली तर ओझ्याने वेणीच उकलते.

पानाची जागा आता कधी कधी दुसऱ्या वस्तूही घेतात. माता आहो या चार माओरी स्त्रियांच्या गटाने २०२२ मध्ये 'ताकापाऊ' केली, ट्रकवरचा माल बांधायच्या चमकत्या पट्ट्यांची, स्टीलच्या बकलांसह. ताकापाऊ ही मूळची बारीक विणीची चटई, जन्मासारख्या प्रसंगी अंथरायची. ही छताएवढी चटई २०२४ च्या व्हेनिस बिएनाले या कलाप्रदर्शनात लावली आणि तिला सुवर्णसिंह हा पुरस्कार मिळाला. १९८४ मध्ये न्यूयॉर्कला माओरी कलेचं मोठं प्रदर्शन गेलं तेव्हा त्यात लाकूड, दगड, हाड होतं, विणकाम नव्हतं. ज्यांनी ते पाहिलं आहे त्यांना २०२४ चा आनंद अधिक कळेल.

केते वाळवताना आत वर्तमानपत्राचे बोळे भरून आकार द्यावा आणि सावलीत, वाऱ्यावर टांगावी. उन्हात ठेवली तर एक अंग फिकं पडतं, बंद खोलीत ठेवली तर कोपऱ्यांत बुरशी धरते. पट्टी रुंदीला आकसते, लांबीला नाही, त्यामुळे पिशवी लहान न होता वीण विरळ होते. तिसऱ्या-चौथ्या दिवशी, पट्ट्या अजून थोड्या मऊ असताना, बुडापासून वर एकेक ओळ पुन्हा भिडवून घ्यावी. सुटलेली टोकं पूर्ण वाळल्यावरच कापावीत. आधी कापली तर आकसून वेणीतून निसटतात.

आपण केलेली पहिली केते घरी ठेवत नाहीत, देऊन टाकतात. ती कुणाला द्यायची हे कापायला जायच्या दिवशीच ठरवून ठेवावं, म्हणजे बंदांची लांबी त्या माणसाच्या खांद्याच्या मापाने करता येते. काप, कणे, कडा आणि वाया गेलेल्या पट्ट्या जाळायच्या नाहीत, कचऱ्यातही टाकायच्या नाहीत. बारीक तोडून, जुडी बांधून, जिथून पानं घेतली त्याच झाडाच्या बुंध्याशी ठेवायच्या, पण रितोपासून थोड्या लांब, म्हणजे ओल पंख्यात शिरणार नाही.